खालचा आवाज, खाट क्रमांक सात

मंगळवार, ४ मार्च

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझा अपमान झाला. ही वेळ अंदाजाची नाही. वॉर्डातल्या घड्याळात तीन बारा झाले होते, पण ते दोन मिनिटं पुढे आहे हे मी पहिल्याच दिवशी मुख्य नर्सच्या कानावर घातलं होतं. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलची वेळ चिठ्ठीवर लिहिली. ती सवय नोकरीबरोबर निवृत्त झाली नाही.

मी ताईच्या खाटेशी स्टुलावर बसून गात होते. ताई माझी थोरली बहीण, वय त्र्याहत्तर. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा गेली. डोळे उघडे असतात, पण समोरचं माणूस त्यांच्यात पोचतं की नाही, कोणी सांगत नाही. मी रोज तीन ते पाच जाते, तिचे केस विंचरते आणि आमचं शाळेतलं उपासनागीत गाते.

तेवढ्यात अधीक्षक आले. मागे पाच शिकाऊ डॉक्टर.

"बाई, हे काय चाललंय?"

"गाणं."

"हे गाणं आहे?" मागचे दोघं हसले. "एकाच सुरावर घोळ घालताय, मध्येच थांबताय. तक्रार आलीय. इथे शांतता हेच औषध आहे."

मी म्हटलं, "मग ते जरा तुमच्या बुटांनाही द्या. जिन्यापासून ऐकू येतात."

हसणाऱ्या दोघांनी आपापले बूट बघितले. अधीक्षक खाली वाकून, जणू माझ्यावर उपकार करताहेत अशा आवाजात म्हणाले, "आणि खरं सांगू? तुमच्या बहिणीला यातलं काही कळत नाही."

हे तिच्या उशाशी उभं राहून. तिच्या तोंडावर. आई असती तर त्यांना वॉर्डाबाहेर अंगठे धरून उभं केलं असतं.

मग खोलीत बोलावून त्यांनी तारीख दिली. चार एप्रिलला समिती बसेल. तोपर्यंत ताईला समजतंय, ती बोलू शकेल, अशी एक जरी खूण दिसली तर उपचार चालू राहतील. नाही दिसली तर वाचेचे उपचार बंद आणि तिची रवानगी कायमच्या शुश्रूषा केंद्रात. ते बसने साडेचार तासांवर आहे. माझे गुडघे मला बाजारापर्यंत नेतात तेही कुरकुरत. म्हणजे मी तिला महिन्यातून एकदा बघणार. मी अडुसष्ट वर्षांची, ती त्र्याहत्तर. अशा किती महिन्यांचा हिशेब धरायचा?

संध्याकाळी भाच्याला, ताईच्या मुलाला, फोन केला. तो परदेशात असतो आणि दर वाक्याआधी उसासा टाकतो. म्हणाला, "मावशी, डॉक्टरांना कळतं ना."

मी म्हटलं, "कळतं. मला न कळणाऱ्यांची यादी करायची आहे, तुझं नाव कितव्या क्रमांकावर लिहू?"

त्याने उसासा टाकला.

बुधवार, ५ मार्च

वॉर्डाच्या दारावर पाटी लागली. 'या कक्षात गायन, प्रार्थना, मोठ्याने वाचन यांस सक्त मनाई आहे.' चार खिळे ठोकले होते. ठोकताना एवढा आवाज झाला की तीन नंबरच्या आजी दचकून उठल्या.

लेखी तक्रार क्रमांक एक दिली. पोच घेतली.

तक्रार कोणी केली ते मला ठाऊक आहे. खाट क्रमांक आठ. मांडीचं हाड मोडलेली शिवणवाली, जीभ तिच्या कात्रीसारखी. आज मी आत शिरले तशी म्हणाली, "आलात टेलिफोनबाई? आज लाइन बंद वाटतं."

मी तिच्याकडे पाठ करून स्टूल वळवून घेतलं.

शनिवार, ८ मार्च

'एकाच सुरावर घोळ' हे मनातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

मी दहा वर्षांची असताना कॉन्व्हेंटमध्ये संगीताच्या मदरनी आम्हा बहिणींना गायकवृंदात घेतलं. ताईला वरचा आवाज दिला, म्हणजे गाण्याची चाल तिची. माझी हनुवटी दोन बोटांनी धरून म्हणाल्या, "तू खालचा धर." खालच्या आवाजाला चाल नसते. तो वरच्याला खालून टेका देतो, दोन-तीन सुरांत फिरतो, मध्ये थांबून वाट बघतो. अठ्ठावन्न वर्षं मी तेच केलं. शाळेत, नंतर चर्चमध्ये, दर रविवारी. लोक म्हणायचे, ताईचा गळा काय गोड. माझ्याबद्दल म्हणायचे, ही पण असते. मी जरा पुढे गेले की ताई कोपर मारायची आणि ओठ न हलवता म्हणायची, "हळू." अठ्ठावन्न वर्षं मी ते 'हळू' ऐकलं. कधी वाटायचं, गीतपुस्तक तिच्या डोक्यात घालावं.

गाण्याचं पहिलं कडवं असं आहे:

वादळ माझ्या दारी आले,
तूही आलास दारी;
दिवा विझाला, हात तुझा मी
धरला या अंधारी.

पहिल्या ओळीनंतर खालचा आवाज थांबतो. 'तूही आलास दारी' ताई एकटी म्हणते. आणि प्रत्येक कडव्याच्या अगदी शेवटी उलट होतं. ताई थांबते आणि 'या अंधारी' हे दोनच शब्द खालचा आवाज एकट्याने परत म्हणतो. अख्ख्या गाण्यात माझे स्वतःचे एवढेच. मदर सांगायच्या, हे गाणं दुखणाऱ्या माणसासाठी आहे, सुखातल्या माणसाला ते संथ वाटेल. आईच्या शेवटच्या आजारात आम्ही ते रोज म्हटलं. गोळ्यांनी झोप लागली नाही तिथे आईला त्या गाण्याने लागायची.

म्हणजे मी घोळ घालत नव्हते. मी माझा भाग गात होते. दुसऱ्याचा मला येतच नाही. आणि मी थांबते ती ताईच्या जागेवर. त्या जागी सध्या कोणी नाही, हा माझा दोष नाही.

मंगळवार, ११ मार्च

तक्रारीला उत्तर नाही. क्रमांक दोन दिली.

तोवर गाणं थांबवायचा प्रश्नच नाही. देवाशी माझं सध्या बोलणं बंद आहे. गाणं तेवढं चालू आहे. तेही बंद केलं तर त्याच्या आणि माझ्यामधली शेवटची तार तुटेल, आणि ती परत जोडायला कोणाला बोलावणार?

म्हणून आता ताईच्या कानाशी वाकून गाते, इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू येतं. मुख्य नर्स टेबलाशी पाठ करून रजिस्टर लिहीत असते. आज जाताना तिला म्हटलं, "तुम्ही काही ऐकलं असेल तर कळवून टाका वर, मी घाबरत नाही."

ती न वळता म्हणाली, "मला पाठीमागून ऐकू येत नाही, मावशी."

इतक्या कमी वयात बहिरेपण. तपासून घ्यायला सांगितलं.

शनिवार, १५ मार्च

नवी कटकट. ताईच्या उशामागच्या भिंतीपलीकडे औषधांची खोली आहे. तिथल्या फ्रिजची गुणगुण भिंतीतून येते. मी गाताना कळत नाही, पण पहिल्या ओळीनंतर थांबले की नेमकी ऐकू येते. आज वेळा टिपल्या: तीन चौदा, तीन एकोणीस, तीन सव्वीस. बारीक आवाज आहे, थोडा चढतो आणि विरतो. तेहतीस वर्षं मी तारेतली खरखर, गळती आणि एकमेकांत शिरलेली बोलणी ऐकून ओळखत आले. समोरचं माणूस बोलायच्या आधी श्वासावरून सांगायचे, आज कोणाच्या घरी भांडण झालंय. मला फ्रिज कळणार नाही?

शिवणवाली म्हणाली, "कोण गुणगुणतंय ते नीट बघा तरी."

मी म्हटलं, "यंत्र आहे. आणि तुम्ही तक्रार करण्यात पटाईत आहात, तर याचीही करा."

"मी तक्रार केली ती गाण्याची नव्हती," ती म्हणाली. "अर्धवट गाण्याची होती. तुम्ही पहिली ओळ म्हणता आणि थांबता. पुढचं येतच नाही. रोज माझा जीव टांगणीला. बाही लावायची आणि शर्ट तसाच टाकून द्यायचा, ही कुठली रीत?"

मी ताईचा कंगवा उचलला. उत्तर सुचलं नाही असं नव्हे.

ताई अलीकडे डाव्या अंगठ्याने चादर सारखी चिमटते. मी ती रोज सरळ करते.

मंगळवार, १८ मार्च

तक्रार क्रमांक तीन, फ्रिजबद्दल. सोबत वेळांचा तक्ता.

आज शिवणवालीची जखम धुवायची होती. आधी नुसती बडबड करत होती, मग बडबड थांबली, तेव्हा कळलं की दुखतंय. चादरीचा बोळा दातात धरला होता. मी बघत होते असं नाही, पण ती पलीकडच्याच खाटेवर आहे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणा की तुमचं ते. अर्धं तर अर्धं."

पाटीचा विचार मनात आला. मग म्हटलं. मुख्य नर्स बोळे बदलत होती, तिला पुढूनही ऐकू आलं नाही. तीनदा पूर्ण म्हटलं. तिसऱ्या वेळी शिवणवालीने चादर दातांतून सोडली आणि माझ्याबरोबर श्वास घ्यायला लागली, ओळ संपली की सोडायचा, सुरू झाली की घ्यायचा. संपल्यावर म्हणाली, "कोणत्या देवाचं ते मला माहीत नाही, पण माणूस कामाचा दिसतो."

मला एकदम आई आठवली. घरी येऊन चहा न घेताच बसून राहिले.

गुरुवार, २० मार्च

आज सगळं नीट क्रमाने लिहिते.

तीन वाजता वायरमन आला. तक्रार क्रमांक तीनचा परिणाम. म्हणजे माझ्या पत्रांना किंमत आहे, निदान वायरमनकडे. मी त्याला म्हटलं, "इथे कान लावा. फ्रिज आहे, मोटर गेलीय त्याची."

तो म्हणाला, "मावशी, फ्रिज इथे नाही. तेराला मी स्वतःच दुरुस्तीला नेला. भिंतीमागे रिकामं कपाट आहे."

"मग पंधराला काय वाजत होतं? काल काय वाजत होतं?"

"ते मला काय माहीत. परत वाजवून दाखवा."

मी ताईच्या कानाशी वाकले आणि पहिली ओळ म्हटली. वादळ माझ्या दारी आले. थांबले.

गुणगुण आली. बारीक, थोडी चढत गेलेली, मग विरलेली.

वायरमन भिंतीकडे बघत नव्हता. खाटेकडे बघत होता. "मावशी," तो म्हणाला, "फ्रिज तुमच्या पुढ्यात आहे."

ताईचे ओठ मिटलेले होते. गळ्याची शीर हलत होती. तो 'तूही आलास दारी'चा सूर होता, जसाच्या तसा, शब्दांशिवाय. आणि डावा अंगठा चादरीवर मात्रा मोजत होता, जी चादर मी रोज सरळ करत होते.

तेहतीस वर्षं आवाज ओळखले म्हणून मिरवणाऱ्या बाईने स्वतःच्या बहिणीविरुद्ध लेखी तक्रार केली, तक्त्यासह. हे मी लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे मला फार शहाणपण सुचलं की वाचता येईल.

शिवणवाली म्हणाली, "मी सांगत नव्हते?" मग उशीवर तोंड फिरवून घेतलं. ती रडत होती. तिला दुखत असावं.

मी नाही रडले. वायरमनने मला बाकावर बसवून पाणी दिलं, कारण उकाडा होता.

शुक्रवार, २१ मार्च

वाचा-उपचार करणारी मुलगी आज मुद्दाम थांबून राहिली. ती आठवड्यातून दोनदा येते, ताईला चित्रं दाखवते, कप, चावी, मांजर, आणि ताई तिच्या आरपार बघते. तिला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली, जसं म्हाताऱ्यांकडे बघून हसतात. मग मी गायले. मग तिचं हसणं गेलं.

म्हणाली, बोलणं मेंदूत एकीकडे राहतं आणि गाणं बरंचसं दुसरीकडे. बोलण्याचा रस्ता बुजला तरी गाण्याचा कधी कधी शाबूत असतो. त्या रस्त्याने शब्दही परत आणता येतात.

मी म्हटलं, "मग हे तुम्ही तुमच्या अधीक्षकांना का नाही सांगितलं?"

"मी सांगून बघते. पण ते म्हणतील गुणगुण म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया. समितीला शब्द लागेल. एक तरी."

चौदा दिवस आहेत.

सोमवार, २४ मार्च

गुणगुण रोज येते. तोंड थोडं उघडतं. आज 'ऊ' ऐकू आला. 'तूही'मधला 'ऊ'. मुख्य नर्सने येऊन दार लोटून घेतलं, म्हणाली वारा येतो. वारा नव्हता.

गुरुवार, २७ मार्च

'ऊ'च्या पुढे काही नाही. मुलगी एकटी प्रयत्न करते तेव्हा तेही नाही. अधीक्षक आज फेरीत आले. मी 'ऊ'ची नोंद दाखवली, वेळांसह. त्यांनी कागद बघितला, परत दिला आणि म्हणाले, "बाई, तुमचं प्रेम मी समजू शकतो."

माझं प्रेम समजायला मी त्यांना कधी सांगितलं?

रविवार, ३० मार्च

उपासना संपल्यावर मी चर्चमध्ये एकटीच मागे राहिले. गीतपुस्तक उघडून वरच्या आवाजाची ओळ शिकत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. वेळ कमी आहे, अर्धं गाणं देऊन भागणार नाही, आता ताईच्या पुढ्यात पुरी चाल ठेवायची, म्हणजे तिला नुसतं उचलायचं काम. पेटीवाले काका झाडून घेत होते. म्हणाले, "तुम्ही आणि वरचा?"

मी म्हटलं, "का, जिना माझ्यासाठी बंद आहे?"

चाल अवघड नाही. उगीच एवढी वर्षं तिचं कौतुक ऐकलं.

सोमवार, ३१ मार्च

सगळं बिघडलं.

मी चाल गायले. पहिली ओळ, न थांबता दुसरी, सरळ शेवटपर्यंत. शेजारच्या तीन खाटांवरच्या बायका म्हणाल्या, छान, आज गाण्यासारखं वाटलं. ताई गप्प. परत गायले. तिने मान भिंतीकडे वळवली. तिसऱ्यांदा गायले तेव्हा डोळे मिटून घेतले. गुणगुण नाही, 'ऊ' नाही. अंगठासुद्धा नाही.

मुलगी म्हणाली, थकल्या असतील. तिचा चेहरा मात्र वेगळं सांगत होता.

चार दिवस राहिले. मी देवाला म्हटलं, मी गाणं चालू ठेवलं होतं, आता ते पण नको का तुला? ते आमचं बोलणं म्हणता येईल का, माहीत नाही.

मंगळवार, १ एप्रिल

शिवणवालीला आज काठीवर उभं करत होते. दोन पावलं टाकून खाटेवर बसली आणि म्हणाली, "काल काय केलंत तुम्ही?"

"चाल शिकून आले. चांगली गायले की."

"गायलात. तिची जागा घेऊन गायलात. आता तिने उभं राहायचं कुठे? बाही लावायची तर कापडात भोक ठेवावं लागतं, बाई. तुम्ही भोकच शिवून टाकलंत."

संध्याकाळी घरी आल्यावर एक गोष्ट आठवली, ती लिहिते. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. दफनाच्या वेळी हेच गाणं होतं. ताई गायला लागली आणि माझ्या तोंडातून सूर निघेना. ती एकटीच गात राहिली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी, जिथे माझे ते दोन शब्द आहेत, तिथे ती थांबायची. ऐन शांततेत, सगळे लोक बघत असताना. मग पुढचं कडवं. चार कडवी, चारदा थांबली. मला तेव्हा तिचा राग आला होता. वाटलं, म्हणून टाक की तूच, सगळ्यांना कशाला दाखवतेस की मला जमत नाही? मी दोन महिने तिच्याशी धड बोलले नव्हते.

तिला माझे शब्द पाठ होते. तिने ते म्हटले नाहीत.

सहा वर्षं मी हे उलट वाचत होते.

गुरुवार, ३ एप्रिल

काल आणि आज फक्त खालचा आवाज. काल काही नाही. आज शेवटी शेवटी अंगठा हलला. उद्या अकरा वाजता समिती. झोपायला जाते. साडी इस्त्री करून ठेवली आहे, करडी. ताईला मी करड्या साडीत आवडत नाही, म्हणते गोणपाट दिसतेस. बघू, काही म्हणते का.

शुक्रवार, ४ एप्रिल

अकरा वाजून सात मिनिटं. समिती म्हणजे अधीक्षक, मेंदूचे डॉक्टर आणि एक बाई, ज्या सगळं लिहून घेतात. मुलीने आधी चित्रं दाखवली. कप. चावी. मांजर. ताई आरपार बघत होती. मेंदूच्या डॉक्टरांनी बोट फिरवलं, टाळी वाजवली. लिहिणाऱ्या बाईंनी लिहिलं.

मुलगी म्हणाली, "यांच्या बहिणीला गाऊ द्यावं."

अधीक्षक म्हणाले, "पाटी आहे." मग डॉक्टरांकडे बघून, "ठीक आहे, एकदा."

मी स्टूल पुढे ओढलं. कानाशी वाकले नाही. सरळ बसले आणि आवाज न चोरता म्हटलं.

वादळ माझ्या दारी आले.

आणि थांबले.

दोन मात्रा. काही नाही. चार मात्रा. अधीक्षकांनी घड्याळ बघितलं. मला पुढची ओळ येत होती. रविवारी शिकले होते, ती जिभेच्या टोकाशी येऊन उभी होती. मी दात मिटून घेतले. एवढी शांतता मी आयुष्यात एकदाच ऐकली होती, आणि तेव्हा थांबणारी ती होती. लिहिणाऱ्या बाईंचं पेनही थांबलं. शिवणवालीने काठी घट्ट धरली होती. मी थांबले. अठ्ठावन्न वर्षं मी उगीच थांबत नव्हते, मला थांबता येतं.

"तूही."

फाटका आवाज. कोरडा, खरखरीत. पण सूर नेमका, जिथे मदरनी ठेवला होता तिथे.

"तूही आलास... दारी."

मी पुढची ओळ खालून धरली आणि ती वर चढली. 'दिवा' नीट आला नाही, 'विझाला' अर्धा आला, 'हात तुझा मी' स्वच्छ आला. मी तिच्याकडे बघत नव्हते, चादरीकडे बघत होते. अंगठा चालला होता. 'धरला या अंधारी' म्हणून ती थांबली.

आता माझे दोन शब्द होते. सूर निघेना, अगदी तेव्हासारखा. ती थांबली होती. तिने ते शब्द म्हटले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत होती, आरपार नाही, माझ्याकडे. मग माझ्यातून ते कसेबसे निघाले, या अंधारी, धांदलीत, एकावर एक.

आणि माझी बहीण, जिला काहीही कळत नाही, मान वळवून, न गाता, साधं बोलून म्हणाली:

"हळू."

मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "मी घाई केली असं म्हणतेय. बरोबर आहे तिचं."

पुढचं सगळं मला क्रमाने आठवत नाही, आणि हे माझ्याकडून पहिल्यांदाच घडतंय. मुख्य नर्सने दुसरं कडवं सुरू केलं, तिला ते पूर्ण पाठ होतं, चालीसकट. बहिऱ्या बाईला. शिवणवाली उभी राहून गायली, शब्द चुकत, सूर सोडत, पण काठी न धरता. तीन नंबरच्या आजी, पाच नंबर, अकरा नंबर. महिनाभर त्या सगळ्या पाठ फिरवून ऐकत होत्या की काय? जिन्यापर्यंत गेलं असणार. बाराच्या बारा खाटांवर कोणी ना कोणी ओठ हलवत होतं, आणि मधोमध ताई, अर्धे शब्द, पूर्ण चाल. मी खालून. शेवटच्या कडव्याला ती थांबली, आणि मी माझे दोन शब्द म्हटले, हळू.

समितीने उपचार चालू ठेवले. सहा महिने, मग परत बघू. अधीक्षक जाताना म्हणाले, "बाई, अभिनंदन." मी मान हलवली. त्यांच्या बुटांचा आवाज आला नाही. पावलं जपून टाकत असावेत.

भाच्याला फोन केला. त्याने उसासा टाकला नाही. मी लाइन धरून ठेवली.

सोमवार, ७ एप्रिल

आज दुपारी तीनला गेले तर पाटी जागच्या जागी. चार खिळे. ताई तीन शब्द बोलते: हळू, पाणी आणि गोणपाट. शिवणवाली उद्या घरी जातेय, पण पुढच्या मंगळवारपासून दुपारी येणार म्हणते, वरच्या आवाजाला. मी सांगितलं, वरचा भरलेला आहे, खाली बसा.

घरी येऊन पत्र लिहिलं. प्रत इथे ठेवते.

'माननीय अधीक्षक,

१. मंगळवार, ४ मार्च रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आपण खाट क्रमांक सातच्या रुग्णासमोर म्हणालात की तिला काही कळत नाही. हेच वाक्य तिच्या कागदांत 'आकलन नाही' असं लिहिलेलं आहे. ते खोडून खरं लिहावं आणि खाली सही करावी.

२. त्याच वेळी आपण विचारलंत की हे गाणं आहे का. उत्तर: ते अर्धं गाणं होतं. उरलेलं अर्धं आपल्या रुग्णाकडे होतं. ही चौकशी आपण तेव्हा केली असती तर सोळा दिवस वाचले असते. (त्यांतले पाच माझ्यामुळे गेले, ते मी मान्य करते. फ्रिजची माफी मागते.)

३. दारावरची पाटी काढावी. खिळे माणसं झोपलेली असताना काढू नयेत. दुपारी तीन ते चार या वेळात ज्यांना दुखतंय त्यांना गाऊ द्यावं आणि ज्यांना गाता येत नाही त्यांना ऐकू द्यावं. शांतता हे औषध आहे हे आपलं म्हणणं मला आता काही अंशी पटतं. पण ती कोणासाठी तरी ठेवलेली असावी लागते.

माझ्या आधीच्या तीन पत्रांना उत्तर आलेलं नाही. वायरमनचं येणं मी उत्तर धरत नाही. या पत्राचा मसुदा मी माझ्या बहिणीला वाचून दाखवला. ती दोन ठिकाणी 'हळू' म्हणाली. ती दोन्ही वाक्यं मी ठेवली आहेत.

आपण मला एका महिन्याची मुदत दिली होती. मी आपल्याला चार दिवसांची देते, कारण आपल्याला फक्त एक पाटी काढायची आहे. शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांच्या आत लेखी उत्तर, सही-शिक्क्यासह, खाट क्रमांक सातवर आणून द्यावं. वेळ माझ्या घड्याळाची धरली जाईल. वॉर्डातलं दोन मिनिटं पुढे आहे.'